तीन दिवसांचं पथ्य

माझा दादा रोज पहाटे साडेपाचला मोबाइलवरून मला शंभर वर्षं जगायला सांगतो. कोमट पाणी प्या. तांब्याच्या भांड्यातलं प्या. मांडी घालून जेवा. जेवल्यावर डाव्या कुशीवर पडा. खाली उगवता सूर्य आणि जोडलेले हात. पूर्वी हे सगळं मी न वाचता पुसून टाकायचे आणि विसरून जायचे. गेल्या नवरात्रापासून मात्र तो सूर्य दिसला की डोकं फिरतं. इतक्या वर्षांत एकाही मेसेजात कुणी असं लिहिलेलं नाही की, बाबा रे, संध्याकाळी पायातले बूट काढलेस की एकदा तळपाय बघ.

तळपाय बघण्यात विकण्यासारखं काही नाही, म्हणून कुणी ते सांगत नाही. रोज चालणं, जेवणात मीठ बेतानं, तंबाखू बंद, बीपी मोजणं, लिहून दिलेली गोळी लिहून दिलेल्या वेळेला घेणं, वर्षातून एकदा डोळे आणि पाय दाखवणं. माणसाचं आयुष्य वाढतं ते असल्या कंटाळवाण्या गोष्टींनी, आणि हे वर्षानुवर्षं हजारो माणसांवर बघून झालेलं आहे. त्याचा फोटो काढून त्यावर सूर्य चिकटवता येत नाही. त्यामुळं लोक कारल्याचा रस पितात, आणि गोळ्या फ्रिजच्या डोक्यावर पडून राहतात.

हे मी कुठल्या तोंडानं बोलते, तेही सांगते. सिडकोतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी एकवीस वर्षं काम करते. सकाळी सातपासून माणसांची रक्तं काढते. हाताची शीर बोटाला लागली की सुई कुठं घालायची ते मला न बघताही कळतं. आणि इतक्या वर्षांत मला आणखी एक गोष्ट कळली आहे, ती म्हणजे आमच्याकडची माणसं तपासणीला येत नाहीत, परीक्षेला येतात. रिपोर्ट हातात घेतला की पहिला प्रश्न, "ताई, पास का?" चार दिवस आधीपासून भात बंद, गोड बंद, मेथीचं पाणी सुरू, एरवी विसरलेल्या गोळ्या एकदम वेळेवर. रक्त दिलं की समोरच्या टपरीवर उभं राहून दोन कट चहा आणि खारी. मी हे रोज खिडकीतून बघते. एकदा एका गृहस्थांना विचारलं, "काका, आपण फसवतो कुणाला?" ते मनापासून हसले आणि म्हणाले, "मशीनला."

मी तेव्हा त्यांच्यावर चिडले नाही. चिडायचा मला हक्कच नव्हता.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझा दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ, करमाडजवळच्या आमच्या गावी राहतो. घरची शेती आहे, ती वहिनी बघते. तो शेंद्र्याच्या एका कंपनीत फिटर आहे. तेव्हा तो कंत्राटावर होता आणि पर्मनंट होण्याच्या यादीत त्याचं नाव लागलं होतं. फक्त मेडिकल व्हायची होती. आणि नेमकी त्याच्या दोन महिने आधी, गावच्या शिबिरात, त्याला साखर निघाली होती. एका रविवारी तो माझ्या घरी आला. स्वयंपाकघरात खाली बसून त्यानं माझ्यासोबत अख्खी टोपलीभर वाटाण्याच्या शेंगा सोलल्या आणि शेवटी खाली बघतच म्हणाला, "बाई, काहीतरी कर. तू त्याच खात्यात हायेस."

मी केलं. कंपनीवाले फक्त उपाशीपोटीची साखर बघतात, हे मला माहीत होतं. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी जी तपासणी असते, जिला फसवता येत नाही, ती त्यांच्या यादीत नव्हती. मी त्याला कागदावर लिहून दिलं. आधीचे तीन दिवस चहा, भात, गूळ, केळी बंद. गोळ्या चुकवायच्या नाहीत. संध्याकाळी सातच्या आत अर्धी भाकरी आणि पालेभाजी, मग तासभर चालायचं. सकाळी पहिल्या रांगेत उभं राहायचं. खाली मी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, "एवढ्यापुरतंच." ते दोन शब्द त्यानं वाचले असतील असं मला आता वाटत नाही.

रिपोर्ट नॉर्मल आला. दादा पर्मनंट झाला. वहिनीनं गावातल्या मारुतीला नारळ फोडला आणि मला लुगडं घेतलं. मी ते लुगडं मिरवलं, हे सुद्धा लिहून ठेवते.

त्यानंतर दर वर्षी मेडिकल व्हायची. कंपनीत आठ दिवस आधी फलकावर नोटीस लागते की अमुक तारखेला तपासणीची गाडी येणार, सर्वांनी उपाशीपोटी हजर राहावं. आठ दिवस आधी का सांगतात, हे मला आजतागायत कळलेलं नाही. कुणाला खरं जाणून घ्यायचं असतं का? कंपनीला फायलीत नॉर्मल पाहिजे, कामगाराला नॉर्मल पाहिजे, गाडीवाल्यांना दुपारच्या आत आटपून पुढच्या कंपनीत जायचंय. सगळ्यांचं भलं होतं. फक्त रक्तातली साखर आपलं काम करत बसलेली असते आणि तिला नोटीस लागत नाही.

दादा दर वर्षी तीन दिवस पथ्य करायचा आणि उरलेले तीनशे बासष्ट दिवस जगायचा. गोळी आठवली तर घ्यायचा. रिपोर्टचा फोटो मला पाठवायचा, खाली हसरा चेहरा. मी दोनदा म्हटलं, "दादा, लॅबला ये, तीन महिन्यांची करू." तो म्हणाला, "नॉर्मल हाय ना? मग काहून उकरायचं?" मीही जास्त ताणलं नाही. मी दिवसाला साठ-सत्तर अनोळखी माणसांना टोचते, आणि सख्ख्या भावाला दम देऊन खुर्चीत बसवणं मला जमलं नाही.

गेल्या राखीला मी गावी गेले होते. जेवताना वहिनी हसत हसत सांगत होती, "ताई, ह्यांची काय मज्जा सांगू. परवा मळ्यातून घरी आले, तर एका पायात चप्पल आन दुसरा पाय मोकळा. मी म्हनलं, दुसरी कुठंय? तर ह्यांना पत्ताच नाय. मागं जाऊन बघतो तं पार विहिरीपाशी पडल्याली."

आम्ही सगळे हसलो. सगळ्यात जास्त मी हसले. दादा म्हणाला, "वय झालं आता," आणि त्यानं आणखी एक पुरणपोळी घेतली. चप्पल पायातून निसटली आणि माणसाला कळलं नाही, याचा अर्थ काय होतो, हे मी ज्या अभ्यासक्रमात शिकले त्यात होतं. परीक्षेत मी त्यावर उत्तरही लिहिलं असेल. पण माझ्या भावाच्या ओसरीवर, भरल्या पोटी, तो मला नुसता विनोद वाटला.

मग नवरात्र आलं. आमच्या घरात नऊ दिवस अनवाणी राहायची रीत आहे. वडील पाळायचे, आता दादा पाळतो. घट बसले की चपला माळ्यावर, त्या दसऱ्यालाच खाली येतात. कंपनीत सेफ्टी बूट घालावेच लागतात, तर तो गेटच्या आत देवीची माफी मागून घालायचा आणि बाहेर पडताना काढून हातात धरायचा. उपवासही असतात. उपवास म्हणजे साबुदाणा, भगर, रताळं, राजगिऱ्याचा लाडू आणि उपवासाला चालतो म्हणून दर दोन तासाला चहा. साखरेच्या माणसानं नऊ दिवस हे खायचं आणि वर म्हणायचं की शरीर शुद्ध होतं. आणि दर अष्टमीला तो गावाहून शहरात कर्णपुऱ्याच्या देवीला पायी येतो. जालना रोडनं, डांबरावरून, पहाटे निघून.

गेल्या अष्टमीला दर्शन झाल्यावर दुपारी तो माझ्याकडं आला. कपाळाला कुंकू, चेहरा उजळलेला. असा खूश मी त्याला पर्मनंट झाल्याच्या दिवशी सुद्धा पाहिला नव्हता. म्हणाला, "बाई, यंदा नवल झालं. दर साली चिकलठाण्यापाशी पाय भाजून निघतात, पार रडायला येतं. यंदा काहीच नाय. खडा नाय, काटा नाय, चटका नाय. देवीनं उचलून आणलं बघ."

मी त्याला पाणी दिलं. तो सोफ्यावर जाऊन बसला. दारापासून सोफ्यापर्यंत माझ्या पांढऱ्या फरशीवर त्याच्या पावलांचे ठसे उमटले होते. डावे धुळीचे. उजवे ओले आणि तांबूस.

"दादा, पाय दाखव."

त्यानं पाय सोफ्याखाली ओढून घेतले. "काय नाय, कुंकू सांडलं आसंल मंदिरात."

"कुंकू नाही ते. दाखव."

"आता नाय. परवा दसरा झाला की बघ काय बघायचं ते. नवसात पायाला औषध लावत नसतात, तुला ठावं नाय व्हय? दुखतच नाय तर बघायचं काय?"

दुखतच नाय. हे तो दोनदा म्हणाला. माझ्या घरी त्या दिवशी सवाष्ण जेवायला होती, कढईत पुऱ्या होत्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायला हवी होती आणि मी त्याचा पाय धरून ओढून बाहेर काढायला हवा होता. मी पुऱ्या तळायला आत गेले. तो साबुदाण्याची खिचडी खाऊन, एक झोप काढून, कंपनीतल्या कुणाच्या तरी गाडीवर बसून गावी गेला. मग मी फडक्यानं फरशी पुसली. पाणी गुलाबी झालं. दसऱ्याला बघू, असं मी स्वतःलाच म्हटलं.

दसऱ्याला मी सोनं घेऊन गावी जायला हवं होतं. गेले नाही, लॅबमध्ये माणसं कमी होती. दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी वहिनीचा फोन आला. "ताई, ह्यांना ताप हाय. आन पायमोज्याचा लई घाण वास येतोय. तीनदा धुतले तरी जात नाय. तो मोज्याचा वास नाय, ताई."

दवाखान्यात डॉक्टरांनी मोजा कात्रीनं कापून काढला. अंगठ्याच्या मुळाशी बाभळीचा काटा मोडून आत राहिला होता, चांगला नखाएवढा. त्या काट्यावर तो जालना रोडनं वीसेक किलोमीटर चालला होता, आणि नंतर दोन पाळ्या सेफ्टी बूट घालून उभा राहिला होता. भोवतालचं सगळं काळं पडलं होतं. मी एकवीस वर्षं रक्त आणि लघवी हाताळते, मला कशाची किळस येत नाही. त्या दिवशी मी तोंड फिरवलं.

डॉक्टर तरुण होते, आवाज न चढवता बोलणारे. त्यांनी खिशातून पेनासारखी दांडी काढली. तिच्या टोकाला नायलॉनचा एक जाडसर धागा होता. दादाला डोळे मिटायला सांगून ते तो धागा चांगल्या पायाच्या तळव्याला दहा ठिकाणी टेकवत गेले, प्रत्येक वेळी जरा वाकेपर्यंत. दादाला दहापैकी दोन कळले; बाकी तळव्याची जाणीव साखरेनं मेली होती. मग तीन महिन्यांची साखर काढली. ती किती आली ते मी लिहिणार नाही. आमच्या लॅबमध्ये एवढा आकडा आला की आम्ही मशीन बिघडलं का म्हणून पुन्हा लावून बघतो.

"कधीपासून आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

दादानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "दर साली नॉर्मल येते, सर."

अंगठा आणि शेजारचं बोट त्याच संध्याकाळी काढलं. पण विष वर चढलंय का, पाऊल राहतं की घोट्याच्या वर कापावं लागतं, ते आताच सांगता येणार नाही, असं ते म्हणाले. तीन दिवस बघू. मी मनात ते दिवस मोजले आणि मला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं.

त्या तीन दिवसांत दादानं काटेकोर पथ्य केलं. नर्सला विचारून पाणी प्यायचा. वहिनी उशाशी अंगारा ठेवून बसली होती. ती मला एकदा म्हणाली, "देवीनं आसं काहून केलं, ताई? एवढं मनोभावे करत्यात." मी तिच्यावर ओरडले. देवीनं काही केलं नाही, सहा वर्षं आपण केलं, असं काहीतरी बोलले, अख्ख्या वॉर्डला ऐकू जाईल असं. "आपण" म्हणताना मी त्यात कुणाला धरत होते, ते तिला कळलं नसावं. ती मला दोष द्यायला तयारच नव्हती. ती मला अजूनही लुगडं घेण्याच्या लायकीची समजत होती.

दुसऱ्या दिवशी मी औषधांच्या दुकानातून तसली नायलॉन धाग्याची दांडी विकत आणली आणि पर्समध्ये ठेवली. एवढीशी वस्तू. लॅबमध्ये माझ्या ड्रॉवरमध्ये एकवीस वर्षं पडून राहिली असती तर कुणाची अडचण झाली नसती. पण मी रक्तवाली, पाय माझ्या कामात येत नाहीत, असं मी धरून चालले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी पट्टी उघडली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "पाऊल राहील." वहिनी रडायला लागली. दादानं हात जोडले, डॉक्टरांना की देवीला ते त्याचं त्याला माहीत. मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं. कितीतरी दिवसांनी माझा राग जरा खाली बसला होता.

दुपारी दादाच्या कंपनीतला एकजण भेटायला आला. त्याच्याच लाइनवर काम करणारा, पंचेचाळिशीचा, पोट सुटलेला, हसतमुख माणूस. एका हातात शहाळं आणि दुसऱ्या हातात, साखरेनं बोटं गेलेल्या माणसासाठी, पेढ्यांचा बॉक्स. दादाची विचारपूस झाल्यावर दादानं माझी ओळख करून दिली. तशी त्या माणसानं पेढे खाली ठेवले आणि मला वाकून नमस्कार केला.

"तुमीच व्हय ताई? लई दिवसांपून भेटायचं व्हतं. तुमचे लई उपकार हायेत आमच्यावर."

"माझे कसले?"

"आवो, ते तीन दिवसांचं पथ्य. दादानं कागद दाखवला व्हता, तुमच्याच हातचा. आमी त्याच्या झेराक्सा काढल्या. आता मेडिकलची नोटीस लागली की अख्खी लाइन तुमचं पथ्य धरती. मला पाच साल झाली साखर निघून, पन कंपनीत एकदा बी फेल नाय. चाळीस-पन्नास जण आसतील बगा. समदे पास."

दादा उशीला टेकून बसला होता. पाय पांढऱ्या पट्टीत, उंच उशीवर. त्याच्या चेहऱ्यावर, खरं सांगते, अभिमान होता. "मी सांगितलं सगळ्यांना," तो म्हणाला. "आपल्या बाईचं डोकं लई चालतं."

मला दोघांच्या अंगावर ओरडायचं होतं. शब्द तोंडापर्यंत आले होते. झेराक्सा. चाळीस-पन्नास जण. त्या कागदाच्या तळाशी लिहिलेलं "एवढ्यापुरतंच" झेरॉक्समध्ये उमटलं होतं का, हे सुद्धा विचारायचं होतं. पण त्या माणसाच्या पायात बूट होते. ड्युटी सुटल्यावर तो थेट आलेला होता. मी त्या बुटांकडं बघत राहिले आणि दुसरं काही मला दिसेना.

"बूट काढा," मी म्हटलं.

"आं?"

"बूट काढा, मोजे काढा आणि त्या स्टुलावर बसा."

तो हसला, दादाकडं बघितलं. दादा हसला नाही. त्या माणसानं बूट काढले, मोजे काढले, लाजत लाजत पाय पुढं केले आणि लगेच मागं घेतले. "ताई, तुमी नका खाली बसू, पायाला हात नका लावू." मी खाली फरशीवर बसले होते. पर्समधून ती दांडी काढली.

"डोळे मिटा. पायाला काही लागलं की हो म्हणायचं. एवढंच."

"बरं," तो म्हणाला आणि त्यानं डोळे मिटले, परीक्षेला बसल्यासारखे हात मांडीवर ठेवून.

मी धागा त्याच्या उजव्या अंगठ्याला टेकवला, वाकेपर्यंत. मग मधल्या बोटाला. मग करंगळीला. चवड्याला तीन ठिकाणी, मध्ये, बाजूला, टाचेला. वहिनी जवळ येऊन उभी राहिली. दादा मान पुढं काढून बघत होता, आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरचा अभिमान उतरत गेला. मी डावा पाय घेतला. पुन्हा अंगठ्यापासून सुरुवात केली.

त्या माणसाचे डोळे मिटलेलेच होते. ओठांवर हसू तसंच होतं.

"करा की सुरू, ताई," तो म्हणाला.

त्याचे दोन्ही पाय तपासून झाले होते.